औषध जास्त पडलं

रविवारी सकाळी साडेआठ वाजता डॉक्टरांची दहा वर्षांची मुलगी पोहण्याच्या तलावातून बाहेर आली, तेव्हा तिचे डोळे लालभडक झाले होते. टॉवेल गुंडाळून ती आईला म्हणाली, "आजपण तोच वास. घसासुद्धा खवखवतोय." हा सलग चौथा रविवार होता.

घर हाडांच्या डॉक्टरांचं. मागच्या अंगणात बारा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद तलाव. सात वर्षांपूर्वी तो बांधला डॉक्टरांच्या आईसाठी. दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना पाण्यात चालायचा व्यायाम सांगितला होता. आजींचा व्यायाम अजून चालू होता. पण तलावाचा ताबा बाकीच्या घरादारानं, पाहुण्यांनी आणि पाहुण्यांच्या पाहुण्यांनी कधी घेतला, ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

पाण्याचं सगळं बघायचे जाळीवाले काका. पाण्यावरची पानं काढायची लांब दांड्याची जाळी कायम खांद्यावर, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. त्या एका रस्त्यावर सहा घरांमागे सहा तलाव होते आणि सहाही काकांच्या हाती होते. सातवं काम त्यांच्याकडे नव्हतं.

"काका, किती औषध टाकलंत?" डॉक्टरांनी पायऱ्यांवरूनच विचारलं. क्लोरीनच्या भुकटीला त्या रस्त्यावर सगळे औषधच म्हणत.

"सांगितलंत तेवढंच, साहेब. तीन आठवड्यांपूर्वी टाकत होतो त्याच्या निम्मं."

"निम्मं टाकलं असतं तर एवढा वास सुटला असता?"

"तेच तर मी म्हणतोय. औषध निम्मं केलं आणि वास वाढला. पाणी जड झालंय, साहेब. हाताला कळतं."

"जड झालंय! वजन कधी केलंत?" डॉक्टर हसले. मग आत जाऊन त्यांनी तपासणीची छोटी पेटी आणली. तलाव बांधला तेव्हा यंत्रांच्या यादीतली सर्वांत साधी म्हणून त्यांनी स्वतः निवडलेली. काचेच्या नळीत पाणी घेतलं, बाटलीतले पाच थेंब टाकले. पाणी गडद पिवळं झालं.

"बघा. मी डॉक्टर आहे, काका. मला रंग कळतात. एवढं पिवळं म्हणजे औषध भरपूर आहे."

काका नळीकडे बघत राहिले. पिवळा रंग त्यांनाही दिसत होता.

जेवणाच्या टेबलावर दोन दिवसांपासून एक चकचकीत माहितीपुस्तक पडलेलं होतं. आपोआप औषध सोडणारं यंत्र, तळ घासत फिरणारा रोबो, पाण्याखाली रंग बदलणारे दिवे. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आता माणसाची गरज नाही.' डॉक्टरांचं ते जवळजवळ ठरलंच होतं. नाश्ता करता करता त्यांनी फोन उचलला आणि रस्त्यावरच्या घरांच्या ग्रुपवर संदेश टाकला:

'सावधान! जाळीवाले काका पाण्यात बेसुमार औषध टाकतात. आमच्या मुलीचे डोळे चार आठवडे लाल होत आहेत. आम्ही त्यांना थांबवत आहोत. आपापलं बघावं.'

साडेनऊला संदेश गेला. दहाच्या आत शेजारच्या वकीलबाईंनी लिहिलं, 'बरं झालं सांगितलंत.' सव्वादहाला रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त कप्तानांनी लिहिलं, 'मी आजच दुसरा माणूस बघतो.' बाकीच्या तीन घरांनी नुसता अंगठा दाखवला.

डॉक्टरांच्या पत्नी महाविद्यालयात ग्रंथपाल. एखाद्या पुस्तकाचं एक पान निसटलं तरी चार जणांना विचारून शोधून काढणारी बाई. त्यांनी तो संदेश दोनदा वाचला आणि फोन टेबलावर उलटा ठेवला.

"अहो, हे लिहायच्या आधी काकांना काही विचारलंत?"

"विचारलं की. पाणी जड झालंय म्हणाले. आता यावर काय बोलायचं?"

"आणि तुम्ही पाणी तपासलंत, ते नक्की काय तपासलंत?"

"औषध. पिवळा रंग. तुला रंग समजावून सांगू का आता?"

तेवढ्यात काका दारात आले. जाळी बाहेर भिंतीला टेकवून, चपला काढून, हात पुसून. त्यांच्या हातात त्यांचा फोन होता. चौथ्या घरच्या मुलानं त्यांना तो संदेश वाचून दाखवला होता.

"साहेब, काम सोडतो," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "घर तुमचं, तलाव तुमचा. ठेवायचं की नाही तुम्ही ठरवा. पण औषध बेसुमार टाकतो हे नाव घेऊन मी या रस्त्यावरून जाणार नाही. अठरा वर्षं पाण्यात हात घातलेत. पाणी कोणाकडून तरी नीट तपासून घ्या. माझ्यासमोर. माझं चुकलं असेल तर सहाही घरी मीच जाऊन सांगतो."

"काका, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय."

"मनाला नाही, साहेब. पोटाला लागलंय."

ग्रंथपालबाई उठल्या आणि त्यांनी एकच फोन करून सगळं सांगितलं.

आत्या दुपारी चार वाजता आल्या. डॉक्टरांच्या वडिलांची धाकटी बहीण. शहराच्या पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलेली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण कोणाच्याही घरी गेल्या तरी पाण्याचा पेला आधी उजेडात धरून बघायच्या आणि मगच प्यायच्या. त्यांच्या पिशवीत स्वतःची तपासणीची पेटी होती.

"या वन्सं," आजी म्हणाल्या. "चहा टाकते."

"आधी पाणी, वहिनी. चहा पळून जात नाही."

आत्यांनी बाह्या सरसावल्या आणि तलावाच्या मध्यावर, कोपरापर्यंत हात बुडवून नमुना घेतला. "वरचं पाणी कधी घ्यायचं नाही. वरचं पाणी खोटं बोलतं." काका मान डोलावत उभे होते. डॉक्टर हाताची घडी घालून जरा लांब थांबले.

आत्यांनी नळीत एक गोळी टाकून हलवली. पाण्याला जेमतेम गुलाबी झाक आली. रंगांच्या पट्टीशी त्यांनी ती जुळवली.

"शून्य पूर्णांक तीन. निदान एक तरी हवं."

"म्हणजे कमी?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"कमी म्हणजे जवळजवळ नाहीच. थांब, अजून संपलं नाही." त्यांनी त्याच नळीत दुसरी गोळी टाकली. बघता बघता पाणी गडद गुलाबी झालं. "आता एक पूर्णांक नऊ."

"तेच मी म्हणत होतो!" डॉक्टर पुढे आले. "एक पूर्णांक नऊ! भरपूर आहे!"

"अरे बाळा, तू हाडांचा डॉक्टर ना? मग हाडांपुरतं बोल," आत्या म्हणाल्या. "पहिली गोळी मोकळं क्लोरीन दाखवते. ते काम करायला तयार असतं. दुसरी गोळी अडकलेलं क्लोरीनही दाखवते. घामाला, तेलाला, लघवीला जाऊन चिकटलेलं. ते जंतू मारत नाही, फक्त वास मारतं आणि डोळ्यांत झोंबतं. तुझी पिवळी पेटी दोन्हींची बेरीज दाखवते. तलावाला ती पुरत नाही, पण यादीतलं सगळ्यात सोपं ते उचललंस तू. बेरीज बघून तू औषध निम्मं करायला लावलंस. आधीच अपुरं होतं, ते आणखी अपुरं झालं. मग वास वाढणार नाही तर काय होईल?"

तलावाच्या कडेला पंपाची मोटर बंद होती. तिच्या आवाजानं दुपारची झोप मोडते म्हणून ती दोन ते सहा बंद ठेवायची, असा या घराचा नियम होता.

"औषध म्हणता ना तुम्ही याला?" आत्यांनी नळी डॉक्टरांसमोर धरली. "मग मला सांग, आजार कोण आणतंय?"

हा प्रश्न त्या घरात आजवर कोणी विचारला नव्हता!

आधी आजींनीच तोंड उघडलं. "मी गुडघ्याला तेल चोळून उतरते हो, वन्सं. चालताना बरं वाटतं."

"मी पण ते क्रीम लावते," मुलगी म्हणाली. "उन्हाचं. जाड जाड. आणि मामाकडची सगळी मुलं खेळून आली की तशीच उड्या मारतात."

"आणि पोहण्याआधी अंगावर पाणी घ्यायची सोय?" आत्यांनी विचारलं.

सगळ्यांनी एकदम भिंतीकडे बघितलं. शॉवर होता. बांधतानाच बसवलेला. पण लाकडी फळ्यांवर ओले पाय उमटतात, फळ्या काळ्या पडतात म्हणून त्याचा नळ बंद केला होता आणि दांडीला वेलीची कुंडी टांगली होती. वेल छान वाढलेली होती.

"बाळा, तू?" आत्या म्हणाल्या.

"मी काय?"

"तू रोज सकाळी पळून येतोस ना पाच किलोमीटर? मग?"

"मग... थेट पाण्यात. गार वाटतं."

"आणि?"

"आणि काय, आत्या? तुम्ही पण ना!" चव्वेचाळीस वर्षांच्या, तीन रुग्णालयांत शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाचे कान लाल झाले. "पोहताना... सगळेच करतात."

"मला ठाऊक होतं!" आजी म्हणाल्या. "सहावीत असताना शाळेच्या तलावातून याला हाकलला होता, तो याच कारणावरून. घरी येऊन सांगितलं, मास्तर कडक आहेत म्हणून!"

मुलगी पोट धरून हसली. काकांनी मान दुसरीकडे वळवली. त्यांनाही हसू आवरेना. डॉक्टरही हसले, पण लगेच थांबले. त्यांना तो संदेश आठवला असावा.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग ते आपोआप सोडणारं यंत्र घेऊन टाकू. जेवढं लागेल तेवढं ते टाकेल. वादच नको."

"घे की," आत्या म्हणाल्या. "तुम्ही घाण करत राहायचं आणि यंत्रानं औषध ओतत राहायचं. महिन्याभरात परत डोळे लाल. आणि त्या यंत्राची पाणी मोजणारी कांडी साफ करायला, ती बरोबर दाखवतेय का ते तपासायला माणूस लागतोच. ते त्या पुस्तकात मागच्या पानावर बारीक अक्षरात असतं. पुढच्या पानावर नसतं."

"पण मग घ्यायचं काय आम्ही?"

आत्यांनी काकांकडे बोट केलं. "त्यांना विचार. तुला कधीतरी सांगितलं असेल त्यांनी."

काका पुढे आले. "साहेब, गाळणीतली वाळू सात वर्षं बदललेली नाही. ती गोळा होऊन दगड झालीय, पाणी तिच्या कडेनंच निघून जातं. मी तीनदा बोललो होतो. पंप दिवसाला आठ तास तरी फिरायला हवा, दुपारचे चार तास बंद म्हणून चारच फिरतोय. आणि गोळ्यांची पेटी मागितली होती. तुम्ही म्हणालात, पाणी निळं दिसतंय की."

"मी ऐकलं होतं," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "तिन्ही वेळा मी शेजारच्या खोलीत होते. वाळूचं ऐकलं होतं. पेटीचं ऐकलं होतं. मला वाटलं, हा पुरुषांचा आणि यंत्रांचा विषय, आपण कशाला पडा मध्ये? चूक तुमची एकट्याची नाही. पण आता हे असं सोडायचं नाही."

"नाही सोडत. संदेश काढून टाकतो." डॉक्टरांनी फोन काढला.

"काढून काय होणार? वाचलं सगळ्यांनी. वाचलेलं पुसता येत नाही, त्याच्या शेजारी खरं लिहावं लागतं."

"लिहितो. 'गैरसमजातून' असं..."

"गैरसमज नव्हता तो," बाई म्हणाल्या. "तुम्ही न तपासता माणसाचं नाव घेतलंत. त्याचं नाव जसं घेतलंत, तसं आता स्वतःचं घ्या."

डॉक्टरांनी पाण्याकडे बघितलं. पाणी अजूनही निळं आणि सुंदर दिसत होतं. मग त्यांनी खाली बसून टाईप केलं, खोडलं, पुन्हा टाईप केलं. संदेश असा गेला:

'सकाळचा माझा संदेश खोटा होता. काकांनी औषध जास्त टाकलं नव्हतं. माझ्या सांगण्यावरून कमी टाकलं होतं. वास औषधाचा नव्हता, आमच्या अंगाच्या घामाचा, तेलाचा आणि त्याहून वाईट गोष्टींचा होता. त्या वाईट गोष्टींत माझा वाटा मोठा आहे. मी काकांची माफी मागितली आहे आणि आज संध्याकाळी प्रत्येक घरी येऊन हे तोंडानं सांगणार आहे.'

"माफी मागितली आहे म्हणे," आत्या म्हणाल्या. "कधी?"

डॉक्टर उठले. काकांसमोर जाऊन त्यांनी हात जोडले. "काका, माझं चुकलं. मुलीचे डोळे बघून डोकं फिरलं, पण ते निमित्त झालं. तुमचं ऐकून घ्यायची मला सवयच नव्हती, हे खरं कारण."

"बरं झालं बोललात," काका म्हणाले. "आता पंप चालू करतो. आणि साहेब, दोन दिवस कोणी उतरायचं नाही. एकदाच भरपूर औषध टाकून अडकलेलं सगळं जाळावं लागेल."

"म्हणजे उपाय काय, तर जास्त औषध!" आजी म्हणाल्या, आणि या वेळी सगळे हसले.

त्या संध्याकाळी डॉक्टर आणि काका पाचही घरी गेले. वकीलबाईंनी दारातच सांगितलं की, मी नुसतं 'बरं झालं' लिहिलं होतं, काढलं कुठे होतं? मग त्यांनी दोघांना आत घेऊन आपल्याही पाण्याची नळी भरायला लावली. गुलाबी झाक तिथेही फिकीच निघाली. बाकीच्या तीन घरांत काका आधीसारखेच येतील असं ठरलं.

कप्तानांनी मात्र फाटक उघडलं नाही. गजांतूनच म्हणाले, "डॉक्टर, झालं ते झालं. एक माणूस बदलला, एवढं काय त्यात? दुसरा ठेवलाय मी."

डॉक्टर परत आले. बुधवारी दवाखान्याआधी पुन्हा गेले. "कप्तान बाहेर गेलेत," असं आतून कप्तानांच्याच आवाजात उत्तर आलं. काका म्हणाले, "राहू द्या, साहेब. पाच घरं आहेत की." डॉक्टर म्हणाले, "तुमची सहा होती. सहावं माझ्यामुळे गेलं."

शुक्रवारी ते काकांना घेऊन तिसऱ्यांदा गेले, तेव्हा फाटक उघडंच होतं. कप्तान टेनिस खेळून आले होते. शर्ट पाठीला चिकटलेला, खांद्यावर टॉवेल, पावलं तलावाकडे वळलेली. कडेला जाळी घेऊन उभा असलेला नवा माणूस वासाच्या तक्रारीला भिऊन औषध रोज थोडं थोडं कमी करत गेला होता. पाण्याला हिरवट छटा आली होती आणि वास फाटकापर्यंत येत होता.

"कप्तान," डॉक्टर म्हणाले, "माणूस बदललात. वास गेला?"

कप्तान थांबले. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग नाक मुरडलं. "नाही गेला."

"माझाही गेला नसता. तुमच्या त्या माणसाचंही काही चुकलेलं नाही, आपण सांगितलं तेच तो करतोय. उगाच त्याला ओरडू नका. काका त्याला गोळ्यांची पेटी वापरायला शिकवतील. ठेवायचं कोणाला ते तुम्ही ठरवा. पण तुम्ही काकांना काढलंत ते माझ्या खोट्या बोलण्यावर, एवढं तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

कप्तानांनी टॉवेल खांद्यावरून काढून हातात घेतला. आयुष्यभर हुकूम दिलेल्या माणसाला एक वाक्य जड गेलं. "काका, तुम्हाला न विचारता काढलं. बरोबर केलं नाही मी."

"चालायचंच, कप्तान," काका म्हणाले. मग त्यांची नजर त्या भिजलेल्या शर्टावर गेली. "पण आता तसेच पाण्यात जाऊ नका. आधी साबण लावून अंघोळ. तोवर मी त्याला पेटी दाखवतो."

आणि कप्तान खरोखरच घरात अंघोळीला गेले!

वाचकहो, तलाव फार थोड्यांच्या घरी असतो. पण वास सगळ्यांच्या घरी कधी ना कधी येतो. घरात, कचेरीत, जिन्यात, रस्त्यावर. तो आला की आपलं बोट सर्वांत आधी कोणाकडे जातं, ते एकदा तपासून बघा. बहुतेक वेळा ते साफ करणाऱ्याकडे जातं, कारण घाणीजवळ तोच उभा असतो. त्याला जाब विचारण्याआधी त्याचं म्हणणं ऐकावं, खरं काय ते मोजावं आणि त्यात आपला वाटा किती ते धीरानं बघावं. आणि एखाद्याला चारचौघांत दोष दिला असेल, तर तो खोटा ठरल्यावर माफीही चारचौघांतच मागावी. एका दारी ऐकून घेतलं नाही, तर तिथे पुन्हा जावं. तरीही नाही ऐकलं, तर आणखी एकदा जावं.